एकाच बॉक्सरकडून दोनदा हरल्यावर तिसऱ्यांदा काय बदलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा पुतण्या १९ वर्षांचा, हौशी बॉक्सिंगमध्ये तीन राउंडच्या लढती खेळतो आणि वर्षभरात एकाच मुलाकडून दोनदा हरलाय. पुढच्या स्पर्धेत तोच मुलगा पुन्हा समोर येण्याची शक्यता आहे. तुम्ही विचारलंय की हरलेल्या लढतीची परतफेड करण्यात इतिहासात सगळ्यात पटाईत बॉक्सर कोण, त्यांनी परतीच्या लढतीत नेमकं काय बदललं आणि त्यातलं या पोराला काय घेता येईल.

नावं सांगायला सोपी आहेत. शुगर रे रॉबिन्सनने जेक लामोटा, रँडी टर्पिन, जीन फुलमर आणि कारमेन बॅसिलिओ या चौघांकडून हरल्यावर चौघांनाही हरवलं. मुहम्मद अलीने जो फ्रेझर, केन नॉर्टन आणि लिऑन स्पिंक्सचं देणं चुकतं केलं. लेनॉक्स लुईस व्यावसायिक कारकिर्दीत दोनदाच हरला आणि दोघांनाही त्याने परतीच्या लढतीत झोपवलं किंवा मोडलं. जुन्या काळातला जीन टनी आयुष्यात एकदाच हरला, १९२२ मध्ये हॅरी ग्रेबकडून, आणि पुढे त्याच ग्रेबला त्याने एकापेक्षा जास्त वेळा हरवलं. मला एकाचंच नाव घ्यायला सांगितलं तर मी रॉबिन्सनचं घेईन, कारण त्याला हरवणारे चौघे चार वेगळ्या तऱ्हेचे होते.

पण तुमच्या कामाचा प्रश्न याच्या अलीकडचा आहे: पोरगा हरला कशामुळे? पराभवाची कारणं साधारण तीन जातींची असतात. एक, ठरावीक चूक, जी समोरच्याने हेरली. दोन, तयारी कमी पडली: वजन, दम, झोप, प्रवास, बेफिकिरी. तीन, जोडच वाईट आहे, म्हणजे त्याची उंची, हात, ताकद किंवा खेळण्याची पद्धत तुमच्या मुलाच्या पद्धतीला नेमकी मारक आहे. पहिल्या दोन जातींचा पराभव फिरवता येतो. तिसऱ्या जातीचा क्वचित फिरतो, आणि तो ओळखला नाही तर मूल तिसऱ्यांदा तसंच हरतं. आणखी एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. व्यावसायिक बॉक्सरला एकाच माणसासाठी दोन-तीन महिने तयारी करता येते आणि १२ किंवा पूर्वीच्या काळी १५ राउंड मिळायचे. तुमच्या पुतण्याला तीनच राउंड आहेत आणि समोर कोण येणार हे ड्रॉ, म्हणजे जोड्या ठरवणारी चिठ्ठी, ठरवतो. त्यामुळे मोठ्यांचं सगळंच उचलता येत नाही.

पहिल्या जातीचं, म्हणजे ठरावीक चुकीमुळे हरण्याचं, सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे जो लुई आणि मॅक्स श्मेलिंग. श्मेलिंग आधीचा जगज्जेता होता, पण १९३६ मध्ये तो संपला असंच सगळे धरून चालले होते. त्याने डिसेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कला रिंगशेजारी बसून लुईची पाउलिनो उझकुदून या स्पॅनिश बॉक्सरशी झालेली लढत पाहिली आणि एक गोष्ट टिपली: लुई जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारल्यावर डावा हात गालाशी परत आणण्याऐवजी खाली सोडून देतो. त्या अर्ध्या सेकंदात डाव्या गालापासून हनुवटीपर्यंतची बाजू उघडी पडते. १९ जून १९३६ ला यांकी स्टेडियममध्ये श्मेलिंग मागच्या पायावर वजन ठेवून उभा राहिला, जॅब येऊ दिला आणि तो हात खाली जात असताना त्याच्यावरून सरळ उजवा मारत राहिला. चौथ्या राउंडमध्ये लुई खाली बसला, बाराव्यात नॉकआउट. लढतीआधीच्या शिबिरात लुईचं लक्ष सरावापेक्षा गोल्फकडे जास्त होतं, म्हणजे दुसऱ्या जातीचं कारणही होतंच. पण मार बसला तो एकाच जागी, एकाच ठोशाने, पुन्हा पुन्हा.

२२ जून १९३८, तेच स्टेडियम. लुई तोवर जगज्जेता झाला होता. हात खाली सोडायची सवय त्याने आणि त्याचा प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न यांनी सुधारली, हे सगळे सांगतात. पण पुढचा भाग जास्त शिकण्यासारखा आहे. श्मेलिंगला तो उजवा मारण्यासाठी दोन गोष्टी लागत होत्या: अंतर आणि वेळ. लुईने त्याला दोन्ही दिल्या नाहीत. रिंगमध्ये येण्याआधी त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ शॅडो करून, म्हणजे हवेत ठोसे मारून, घाम काढला होता, त्यामुळे घंटा वाजताच तो पूर्ण वेगात होता. जॅब मारून लगेच आत, दोराला रेटून अंगावर आणि डोक्यावर मारा. एका उजव्याने श्मेलिंगच्या कमरेच्या मणक्याचं हाड मोडलं. दोन मिनिटं चार सेकंदांत लढत संपली. म्हणजे नुसता हात वर ठेवणं पुरेसं नव्हतं. ज्या परिस्थितीत ती चूक महाग पडते ती परिस्थितीच येऊ द्यायची नाही, हा त्या आराखड्याचा गाभा होता. प्रशिक्षण देताना मी हाच प्रश्न पहिला विचारतो: त्याच्या आवडत्या ठोशाला काय लागतं? जागा लागते, वेळ लागतो, की तुझं वजन पुढे यावं लागतं? तेवढंच काढून घ्यायचं.

लेनॉक्स लुईसच्या दोन पराभवांमध्ये दोन वेगळी कारणं आहेत, म्हणून त्याचा अभ्यास जरा निवांत करावा. २४ सप्टेंबर १९९४ ला लंडनमध्ये ऑलिव्हर मॅकॉलने त्याला दुसऱ्या राउंडमध्ये हरवलं. लुईस उजवा मारायला निघाला, मॅकॉलचा उजवा त्याआधी पोचला. ही चूक तंत्रातली होती. उंच माणूस, ताकद भरपूर, त्यामुळे तो जॅबवर राहण्याऐवजी उजव्यासाठी पुढे झुकायचा आणि तोल पुढच्या पायावर जायचा. तो सापळा मॅकॉलच्या कॉर्नरमधल्या (रिंगच्या कोपऱ्यातून सल्ला देणाऱ्या) प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्डने लावला होता. लुईसने पुढे काय केलं? त्याच स्टुअर्डला आपला प्रशिक्षक नेमलं. ज्याने तुमचं भोक शोधलं त्यालाच ते बुजवायला सांगणं, याच्याइतकी व्यवहारी गोष्ट बॉक्सिंगमध्ये मी फार कमी पाहिली आहे. स्टुअर्डने त्याला जॅबमागे उभं राहायला आणि तोल पायांच्या मधे ठेवायला लावलं. फेब्रुवारी १९९७ च्या परतीच्या लढतीत लुईस जॅब सोडत नाही, घाई करत नाही हे दिसतं. मॅकॉलची मनःस्थिती त्या रात्री ढासळली, तो रिंगमध्ये रडू लागला आणि पाचव्या राउंडमध्ये लढत थांबवावी लागली, त्यामुळे या विजयाला मी फार भाव देत नाही. सुधारणा मात्र खरी होती, ती पुढच्या सगळ्या लढतींत टिकली.

दुसरा पराभव निव्वळ तयारीचा. २२ एप्रिल २००१, दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ ब्रॅकपॅन. ही जागा समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरहून उंचावर आहे, तिथे दम लवकर लागतो. हसीम रहमान बराच आधी जाऊन तिथल्या हवेला सरावला. लुईस एका हॉलिवूड चित्रपटाच्या चित्रीकरणातून उशिरा आला, वजन २५३ पौंडांच्या वर. पाचव्या राउंडमध्ये दोराला पाठ लावून, हात खाली ठेवून उभा असताना रहमानचा उजवा बसला आणि तो उठला नाही. करारात परतीच्या लढतीचं कलम होतं, त्यासाठी लुईसला कोर्टात जावं लागलं. १७ नोव्हेंबर २००१ ला लास व्हेगासमध्ये त्याचं वजन सुमारे सात पौंडांनी कमी होतं, आणि चौथ्या राउंडमध्ये त्याने डावा दाखवून रहमानचं लक्ष तिकडे वळवलं आणि पाठोपाठ उजव्याने आडवा केला. इथे तंत्रात काही नवीन शिकायचं नव्हतंच. वेळेवर येणं, वजन, दम आणि समोरच्याला मोजणं, एवढंच सुधारायचं होतं.

म्हणून म्हणतो, एकाच माणसाच्या दोन पराभवांवर एकच औषध चालत नाही. रहमानकडून हरल्यावर लुईसने सहा महिने जॅबचा तोल घोटत बसण्यात अर्थ नव्हता. उलट मॅकॉलकडून हरल्यावर नुसतं जास्त पळून उपयोग नव्हता.

आता रॉबिन्सन. ५ फेब्रुवारी १९४३ ला डेट्रॉइटमध्ये लामोटाने त्याला पहिला व्यावसायिक पराभव दिला. लामोटा सुमारे १५ पौंडांनी जड होता, आत घुसून अंगावर मारायचा, आठव्या राउंडमध्ये त्याने रॉबिन्सनला दोरांबाहेर पाडलं. रॉबिन्सनने मधे आणखी एक लढत खेळून तीनच आठवड्यांनी, २६ फेब्रुवारीला, त्याच शहरात लामोटाला गुणांवर हरवलं. दोघे एकूण सहा वेळा भिडले, पाच रॉबिन्सनने जिंकल्या. (तीन आठवड्यांचा हा हिशेब आज कुणीही घरी करून बघू नये. तो काळ वेगळा होता आणि त्या काळाने बऱ्याच बॉक्सरांची डोकी कायमची बिघडवली.)

टर्पिनचं प्रकरण पुन्हा तयारीचं. १९५१ च्या उन्हाळ्यात रॉबिन्सन युरोपभर फिरत होता: पॅरिस, झुरिक, अँटवर्प, लिएज, बर्लिन, ट्युरिन, सगळीकडे लढती आणि सगळीकडे मेजवान्या. ट्युरिननंतर नऊ दिवसांनी, १० जुलैला लंडनमध्ये टर्पिनने त्याला १५ राउंडमध्ये गुणांवर हरवून मिडलवेट किताब घेतला. परतीची लढत १२ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, ६० हजारांहून जास्त प्रेक्षक. या वेळी शिबिर नीट झालं होतं. तरीही लढत बरोबरीच्या आसपास चालली होती आणि दहाव्या राउंडमध्ये रॉबिन्सनच्या डोळ्यावर खोक पडून रक्त वाहू लागलं. रेफरी जखमेमुळे लढत थांबवेल हे त्याला कळलं. त्याने राखून ठेवलेला सगळा दम त्याच मिनिटात ओतला: उजव्याने टर्पिनला पाडलं, तो उठल्यावर दोराला लावून ठोशांचा पाऊस पाडला आणि राउंड संपायला आठ सेकंद असताना रेफरी रूबी गोल्डस्टीनने लढत थांबवली. लोक याला जिद्द म्हणतात. मला त्यात शिबिर दिसतं. पायात दहा राउंडचा दम शिल्लक नसेल तर जिद्द असून हात हलत नाहीत.

फुलमर हा रॉबिन्सनसाठी वाईट जोड होता: तरुण, दणकट, खांद्याने रेटत येणारा, लय मोडणारा. २ जानेवारी १९५७ ला तो १५ राउंड रेटत राहिला आणि जिंकला. १ मे रोजी शिकागोत रॉबिन्सनने त्याला थोपवायचा प्रयत्न कमी केला. येऊ दे, पण आत येताना त्याची हनुवटी उघडी पडते त्या क्षणाची वाट बघायची. पहिले राउंड त्याने अंगावर मारून फुलमरचं लक्ष खाली नेलं आणि पाचव्यात मागे सरकता सरकता एकच डावा हुक (हात वाकवून बाजूने मारलेला ठोसा). तोवर फुलमर कधी नॉकआउट झाला नव्हता. वाईट जोड फिरवता येतो तो असा, एका नेमक्या ठोशाने. पण तो ठोसा रॉबिन्सनकडे होता, प्रत्येकाकडे नसतो. बॅसिलिओविरुद्ध मार्च १९५८ मध्ये तो ठोसा लागला नाही, तिथे सहाव्या राउंडच्या सुमारास बॅसिलिओचा डावा डोळा सुजून बंद झाला आणि रॉबिन्सनने त्याच बाजूला काम करत जजांमध्ये दुमत असलेल्या निर्णयावर किताब परत घेतला. आणि हाच रॉबिन्सन १९६० मध्ये पॉल पेंडरकडून पहिली लढतही हरला आणि परतीचीही. तेव्हा तो ३८-३९ वर्षांचा होता. वयावर आराखडा चालत नाही.

अलीबद्दल थोडं कडू बोलतो, चाहत्यांनी रागावू नये. त्याचे परतीचे विजय हे हुशारीचे आहेत, वर्चस्वाचे फारसे नाहीत. मार्च १९७३ मध्ये नॉर्टनने त्याचा जबडा मोडला. नॉर्टनचा प्रशिक्षक एडी फच याने हेरलं होतं की अली जॅब मारतो तेव्हा त्याचा उजवा हात समोरचा जॅब अडवायच्या जागेवर नसतो. म्हणून नॉर्टनने अलीच्या जॅबबरोबरच आपला जॅब मारायचा. अलीने सप्टेंबरमध्ये वजन २२१ वरून २१२ पौंडांवर आणलं, पाय हलवले आणि अगदी थोडक्यात जिंकला. १९७६ ची तिसरी लढत तर नॉर्टन जिंकला असं आजही अनेक जाणकार मानतात. जानेवारी १९७४ मध्ये फ्रेझरविरुद्ध त्याने वेगळीच युक्ती केली: दोन-तीन ठोसे, लगेच फ्रेझरची मान धरून मिठी, रेफरी सोडवेपर्यंत विश्रांती, पुन्हा तेच. फ्रेझरचा डावा हुक जवळच्या अंतरावर चालायचा, ते अंतर अलीने मिठीने बंद केलं. सप्टेंबर १९७८ मध्ये स्पिंक्सविरुद्धही तेच: जॅब, सरक, पकड. देखणं नव्हतं. पण हौशी तीन राउंडमध्ये यातलं पकडीचं काम करायला जाऊ नका, सारखं धरल्यावर रेफरी आधी इशारा देतो आणि मग गुण जातो.

समोरच्याची अवस्था हीसुद्धा अर्धी लढत असते. जून १९८० मध्ये माँट्रियलला शुगर रे लेनर्ड रागाच्या भरात रॉबर्टो दुरानशी उभ्या उभ्या भिडला आणि थोडक्यात हरला. त्याच्या लोकांनी परतीची लढत मुद्दाम लवकर, पाच महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सला लावली, कारण जिंकल्यावर दुरान खाण्यापिण्यात रमला होता आणि त्याचं वजन फार वाढलं होतं. लेनर्ड या वेळी भिडलाच नाही, फिरत राहिला, चिडवत राहिला, आणि आठव्या राउंडमध्ये दुरानने पाठ फिरवून लढत सोडली. अँथनी जोशुआ आणि अँडी रुईझचं २०१९ मधलं प्रकरण याच मासल्याचं. जूनमध्ये जोशुआने रुईझला तिसऱ्या राउंडमध्ये पाडलं, संपवायच्या घाईत जवळ गेला आणि हुक खाऊन स्वतः पडला. डिसेंबरमध्ये सौदी अरेबियात जोशुआ दहा पौंडांनी हलका होऊन आला, रुईझ सुमारे १५ पौंडांनी जड. १२ राउंड जॅब आणि पाय, जजांनी एकमताने जोशुआला दिलं. विजयानंतर माणूस सैल पडतो आणि पराभवानंतर घट्ट होतो, हे व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजनकाट्यावर चक्क दिसतं. हौशी मुलांमध्ये वजनगट ठरलेला असल्याने तेवढं दिसत नाही, पण ज्या मुलाने तुमच्या पुतण्याला दोनदा हरवलंय तो तिसऱ्या वेळी काही नवीन घेऊन येणार नाही, अशी शक्यता बरीच असते. हा तुमचा एक फायदा आहे.

फिरवता न आलेले पराभवही बघा. फ्लॉइड पॅटरसनने १९५९ मध्ये इंगेमार योहान्सनकडून सात वेळा पडून हेवीवेट किताब घालवला आणि २० जून १९६० ला पाचव्या राउंडमध्ये डाव्या हुकने परत घेतला. हा किताब परत मिळवणारा तो पहिलाच. पहिल्या लढतीत त्याने योहान्सनच्या उजव्याला किंमत दिली नव्हती, दुसऱ्यात दिली, शिवाय आठ पौंड जड होऊन आला. चूक होती, सुधारली. मग १९६२ मध्ये सॉनी लिस्टनने त्याला २ मिनिटं ६ सेकंदांत झोपवलं. दहा महिन्यांनी परतीची लढत झाली, ती २ मिनिटं १० सेकंद चालली. तिथे चूक नव्हती, जोड वाईट होता: लिस्टन जवळजवळ २५ पौंडांनी जड आणि हात कितीतरी लांब. फ्रेझर आणि जॉर्ज फोरमनचंही तेच. वाकून पुढे येणाऱ्या फ्रेझरचं डोकं फोरमनच्या अपरकटच्या (खालून वर मारलेल्या ठोशाच्या) वाटेतच यायचं. १९७३ मध्ये सहा वेळा पडून दुसऱ्या राउंडमध्ये संपला, १९७६ मध्ये पाचव्यात. त्याने फिरायचा प्रयत्न केला, पण ती त्याची पद्धत नव्हती.

हौशी बॉक्सिंगमधलं आपल्याकडचं उदाहरण तुमच्या पुतण्याच्या जास्त जवळचं आहे. अमित पंघल २०१७ मध्ये उझबेकिस्तानच्या हसनबॉय दुस्मातोवकडून आशियाई स्पर्धेतही हरला आणि जागतिक स्पर्धेतही. दुस्मातोव म्हणजे रिओ ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता. १ सप्टेंबर २०१८ ला जकार्तात आशियाई खेळांच्या अंतिम फेरीत, ४९ किलो गटात, पंघलने त्यालाच ३-२ ने हरवलं. अंतर राखायचं, त्याला यायला लावायचं आणि तो आला की मारून निघायचं. ३-२ हा आकडा लक्षात ठेवा. पाच जजांपैकी एकाचं मत फिरलं असतं तर निकाल उलटा होता. तीन राउंडच्या लढतीत तुम्हाला समोरच्याला नेस्तनाबूत करायचं नसतं, दोन राउंड स्पष्ट दिसतील असे जिंकायचे असतात.

आता काम. दोन्ही लढतींचे व्हिडिओ असतील तर प्रत्येक तीनदा बघा. पहिल्यांदा न थांबवता. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, कारण प्रेक्षकांचा गलका आपलं मत बनवतो. तिसऱ्यांदा वही घेऊन. पोराने खाल्लेला प्रत्येक स्वच्छ ठोसा लिहा आणि शेजारी त्याआधीचे दोन-तीन सेकंद: जॅब मारून परत येत होता का, सरळ मागे गेला का, पाठ दोराला होती का, स्वतःचं कॉम्बिनेशन (लागोपाठचे ठोसे) मारून तिथेच उभा राहिला का. दोन लढतींत मिळून २०-२५ नोंदी झाल्या की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागते. दिसली तर ती चूक. नोंदी तिसऱ्या राउंडमध्येच गर्दी करत असतील तर तो दमाचा प्रश्न आहे. सगळीकडे विखुरलेल्या असतील, आणि पोराचे ठोसेच पोचत नसतील, तर जोड वाईट आहे असं धरा. व्हिडिओ नसतील तर कॉर्नरमध्ये कोण होतं त्याला विचारा. पोराला शेवटी विचारा, कारण बॉक्सरला शेवटचा ठोसा आठवतो, पहिला आठवत नाही.

चूक एकच निवडा, फार तर दोन. सहा आठवडे हाताशी असतील तर एवढंच खऱ्या अर्थाने बदलतं. समजा जो लुईसारखा हात खाली राहतो. मग प्रशिक्षकाने पॅड (ठोसे झेलायच्या हातातल्या गाद्या) घेऊन उभं राहायचं आणि प्रत्येक जॅबनंतर उजव्या पॅडने पोराच्या डाव्या गालाकडे हलका टोला मारायचा. हात परत आला असेल तर टोला ग्लोव्हवर बसतो, नसेल तर गालावर. तीन मिनिटांचे तीन राउंड, आठवड्यातून चार दिवस. पहिले दोन आठवडे फक्त एकेरी जॅब, मग दुहेरी, मग जॅब-क्रॉसनंतर (क्रॉस म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा). तिसऱ्या आठवड्यापासूनच स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीत, आणा. इथे नेहमी एक गोष्ट बिघडते: पॅडवर सुधारलेली सवय स्पारिंगच्या दुसऱ्या राउंडमध्ये, दम लागला की, परत येते. म्हणून स्पारिंगआधी दहा मिनिटं दोरीउड्या मारून मुद्दाम थोडं दमवा आणि मग बघा.

सरळ मागे जाण्याची सवय असेल तर जमिनीवर टेपने दोन पावलांचं अंतर आखा. मागे दोनच पावलं, तिसरं बाजूला. आणि समोरचा डावखुरा असेल तर पोराचा डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर राहतो का, एवढं एकच बघा. बाकी सगळं त्यानंतर.

स्पारिंगसाठी त्या मुलाच्या उंचीचा आणि त्याच हाताचा एक जोडीदार शोधा आणि त्याला त्याच्यासारखं खेळायला सांगा. आठवड्यात तीन स्पारिंग असतील तर दोन याच्याबरोबर, एक वेगळ्याबरोबर. शेवटच्या आठवड्यात जोराचं स्पारिंग बंद. वजन शेवटच्या चार दिवसांत पाणी तोडून उतरवू नका. तीन राउंडमध्येसुद्धा त्याची किंमत तिसऱ्या राउंडला मोजावी लागते. आणि मागच्या लढतीपैकी एखादी डोक्याला मार लागून थांबवली गेली असेल तर निदान महिनाभर स्पारिंग नाही, आणि त्यानंतरही डॉक्टरने लेखी सांगितल्यावरच. यात सवलत नाही.

जोड वाईट निघाला तर? मग पर्याय दोन. पोरगा वजनगटासाठी अंग सुकवत असेल तर वरच्या गटात जाण्याचा विचार करा. वाढत्या वयात बरेचदा तेच बरं पडतं आणि हा प्रतिस्पर्धी आपोआप सुटतो. नाहीतर फुलमरवाला मार्ग: त्याला थोपवायचं सोडा, तो आत येताना जे एक दार उघडं राहतं ते शोधा आणि तोच एक ठोसा सहा आठवडे घोटा.

आता ड्रॉचं. सगळी तयारी एकाच मुलासाठी केली आणि पहिल्या फेरीत वेगळाच कुणी आला, हे हौशी स्पर्धांत सारखं होतं. सहा आठवडे उंच उजव्या हाताच्या जोडीदाराबरोबर खेळलेल्या मुलाला अचानक बुटका डावखुरा समोर आला की पहिला राउंड हातचा जातो. म्हणून ते आठवड्याचं तिसरं स्पारिंग डावखुऱ्याबरोबर ठेवा, आणि कॉर्नरमध्ये त्या जुन्या प्रतिस्पर्ध्याचं नाव उपांत्य फेरीआधी कुणी काढू नका.